नियम कमिट मेसेजमध्येच ठेवा

कमिट म्हणजे कोडमध्ये नोंदवलेला बदल, आणि त्याचा मेसेज म्हणजे सोबतची टीप. सी भाषेतला कोड नियम देऊन एकगठ्ठा बदलणाऱ्या ‘कॉक्सिनेल’ या साधनाच्या नियमांबद्दल मी बोलतोय. आमच्याकडे कारखान्यांत बसवायची मोजमापाची यंत्रं तयार होतात. आत एआरएम प्रोसेसरचा बोर्ड, त्यावर लिनक्स. कर्नल, म्हणजे लिनक्सचा मूळ प्रोग्राम, कित्येक वर्षं ४.९ आवृत्तीचं होतं, ते ५.१० वर न्यायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. बोर्डाचे, सेन्सरचे आमचे स्वतःचे ३१ ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम, आहेत. ते मुख्य कर्नलमध्ये कधी गेले नाहीत, आमच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, वाढले. नवं कर्नल जोडून पहिल्यांदा मेक मारलं, म्हणजे सगळा कोड कंपाइल करायला दिला, आणि एररचा लोंढा सुरू झाला. निम्म्याहून जास्त एरर एकाच नावाच्या होत्या: ‘सेटअप टायमर’ नावाचं फंक्शनच सापडत नाही.

सापडणार कुठून? ४.१५ मध्ये ते काढून टाकलं होतं. त्याच्या जागी आलं ‘टायमर सेटअप’. नाव उलटं केलंय एवढंच दिसतं, पण आतला बदल मोठा आहे. जुन्या पद्धतीत टायमरच्या स्ट्रक्चरमध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी असायच्या: वेळ संपल्यावर कोणतं फंक्शन बोलवायचं त्याचा पत्ता, आणि त्या फंक्शनला काय द्यायचं तो आकडा. मेमरीत शेजारच्या बफरमधून (तात्पुरत्या साठवणीच्या जागेतून) कोणी ओव्हरफ्लो करून, म्हणजे मर्यादेबाहेर लिहीत, इथवर पोहोचला, तर फंक्शनही त्याच्या मर्जीचं आणि त्याला जाणारी किंमतही त्याच्या मर्जीची. नव्या पद्धतीत तो आकडाच राहिला नाही. फंक्शनला थेट टायमरचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, मिळतो आणि तो टायमर ज्या मोठ्या स्ट्रक्चरच्या पोटात आहे ते स्ट्रक्चर ‘फ्रॉम टायमर’ वापरून मागे जाऊन शोधायचं.

आता हा बदल हाताने करायचा म्हणजे काय काय करावं लागतं ते बघा. जिथे सेटअपचा कॉल आहे तिथे नाव बदला आणि तिसरी किंमत काढून त्या जागी फ्लॅग द्या. मग त्या कॉलमध्ये कोणत्या कॉलबॅकचं (वेळ संपल्यावर बोलवायच्या फंक्शनचं) नाव आहे ते लक्षात ठेवा, फाइलमध्ये तो कॉलबॅक शोधा, त्याचा पॅरामीटर बदला. मग त्याच्या आत पहिल्या दोन ओळींत जिथे आकड्यावरून स्ट्रक्चरचा पॉइंटर बनवलाय ती ओळ नव्याने लिहा, आणि त्यात टायमरच्या फील्डचं नाव घाला, जे प्रत्येक ड्रायव्हरमध्ये वेगळं असतं. आमच्याकडे असे ४६ कॉल होते. सेड या शोधून बदलणाऱ्या साध्या कमांडने हे होत नाही. सेडला एक ओळ दिसते. इथे एका ओळीतलं नाव घेऊन दुसऱ्या फंक्शनच्या पोटात शिरायचं असतं.

मी गिट लॉगमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीत, शोधलं की मुख्य कर्नलमध्ये हे कसं केलं. २०१७ सालचं, कर्नलच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या केस कुक यांचं एक कमिट निघालं, संपूर्ण सोर्सवर एका झटक्यात केलेलं. आणि त्या कमिटच्या मेसेजमध्ये, ‘आम्ही हे केलं’ या वाक्यानंतर, ज्या नियमाने ते केलं तो अख्खा नियम चिकटवलेला होता. कमांडसकट. मी तो मेसेजमधून उचलला, फाइलमध्ये टाकला आणि आमच्या फोल्डरवर चालवला. ४६ पैकी ३३ जागा पाऊण मिनिटात बदलल्या. तो नियम लिहिणाऱ्या माणसाने आमचे ड्रायव्हर कधी पाहिलेले नाहीत. ते अस्तित्वात आहेत हेही त्याला माहीत असायचं कारण नाही. तरी त्याच्या हातचं काम पुण्यातल्या एका खोलीत, इतक्या वर्षांनी, जसंच्या तसं उपयोगी पडलं. त्या दिवसापासून मी या साधनाबद्दल भेटेल त्याला सांगत असतो, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

हेच ते कॉक्सिनेल. फ्रेंचमध्ये याचा अर्थ ढालकिडा, तो लाल पाठीचा आणि काळ्या ठिपक्यांचा. माझ्या मामाच्या शेतात कपाशीवर मावा पडला की मामा आधी पानं उलटून ढालकिडे आहेत का ते बघायचा, आणि असतील तर फवारणी पुढे ढकलायचा. किडे खाणारा किडा. प्रोग्रामिंगमध्ये चुकीला बग म्हणतात, तेव्हा नाव अगदी चपखल आहे. ज्युलिया लॉल, जिल म्युलर, योआं पादिओलो आणि रेने हानसेन या संशोधकांनी २००८ साली ग्लासगोला भरलेल्या युरोसिस या संगणकशास्त्राच्या परिषदेत त्याबद्दलचा निबंध मांडला. काम कोपनहेगन आणि नांत इथलं, पुढे पॅरिसच्या इनरिया या संशोधन संस्थेत वाढलं. त्यांनी एका गोष्टीला नेमकं नाव दिलं: कर्नलच्या गाभ्यातल्या एखाद्या फंक्शनची रीत बदलली की ते वापरणाऱ्या शेकडो ड्रायव्हरांत ओघाने जे बदल करावे लागतात, ते ‘कोलॅटरल इव्होल्यूशन’. गाभा बदलणाऱ्याला सगळे ड्रायव्हर ठाऊक नसतात, ड्रायव्हर सांभाळणाऱ्याला गाभ्यात काय बदललं ते नीट कळलेलं नसतं. आणि आमच्यासारखे, ज्यांचे ड्रायव्हर बाहेरच राहिलेत, त्यांना तर कोणी काही सांगतच नाही. मधली ही दरी भरायला त्यांनी नियम लिहायची एक भाषा केली.

त्या भाषेचं मोठेपण असं की ती वेगळी शिकावी लागत नाही. पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांची यादी, वाचता येतो ना, मग हीसुद्धा वाचता येते. वजा चिन्हाने सुरू होणारी ओळ काढायची, अधिक चिन्हाची घालायची, बाकीच्या ओळी संदर्भाच्या. फरक एवढाच की वरती दोन ‘ॲट’ चिन्हांच्या जोड्यांमध्ये सांगायचं की अमुक नाव म्हणजे कुठलीही एक्स्प्रेशन, तमुक नाव म्हणजे कुठलंही फंक्शन. आणि मध्ये तीन टिंबं टाकली की त्याचा अर्थ: इथून तिथवर प्रोग्राम चालताना वाटेत काहीही असू दे. ‘चालताना’ हा शब्द महत्त्वाचा आहे. टिंबं फाइलमधल्या पुढच्या ओळींवरून जात नाहीत, इफ-एल्सच्या फांद्यांवरून, गो-टूच्या उड्यांवरून जातात. शिवाय ‘पॉइंटर नल आहे’ हे सी-मध्ये तीन-चार प्रकारे लिहितात, कोणी उद्गारचिन्ह लावतो, कोणी बरोबरची दोन चिन्हं. नियमात बरोबरच्या दोन चिन्हांनी लिहिलंत तर ते बाकीचे प्रकारही ओळखतं.

टायमरच्या नियमात मला सगळ्यात आवडलेली जागा म्हणजे त्याचा संयम. तिसऱ्या जागी दिलेली किंमत आणि टायमर ज्या स्ट्रक्चरच्या पोटात आहे ते स्ट्रक्चर, हे दोन्ही एकच असेल तरच मुख्य नियम हात लावतो. कारण तेव्हाच टायमरवरून मागे जाऊन तेच स्ट्रक्चर मिळेल याची खात्री असते. आमच्या उरलेल्या १३ पैकी ८ जागी असं नव्हतं. टायमर एका खासगी स्ट्रक्चरमध्ये आणि किंमत म्हणून पाठवलेला पॉइंटर दुसऱ्याच डिव्हाइसचा. तिथे कॉक्सिनेलने सोडून दिलं, ते बरोबरच केलं. २ जागी टायमरची फील्ड एका फंक्शनमध्ये आणि सुरुवात दुसऱ्या फंक्शनमध्ये अशी विखुरलेली होती. या १० जागा मी हाताने केल्या, आणि खरं सांगायचं तर त्या करताना मला आमचा कोड पहिल्यांदा नीट कळला.

राहिल्या ३. त्यांनी माझा अर्धा दिवस घेतला, कारण त्या नियमात चपखल बसत होत्या आणि तरी बदलल्या नव्हत्या.

कॉक्सिनेल सी-चा कोड प्रीप्रोसेसर (मॅक्रो, म्हणजे कोडची लघुरूपं, कंपाइलच्या आधी उलगडणारा टप्पा) न चालवता, जसा लिहिलाय तसा वाचतं. त्याची ताकद इथेच आहे. कंपायलरवर उभी असलेली साधनं प्रीप्रोसेसरमधून निघालेला कोड बघतात, म्हणजे एका वेळी एकच कॉन्फिगरेशन. ज्या इफडेफच्या (कोडचा तुकडा चालू-बंद करणाऱ्या अटीच्या) आतला भाग तुमच्या बोर्डासाठी बंद आहे तो त्यांच्या लेखी नसतोच. लिनक्समध्ये कितीतरी आर्किटेक्चर आहेत, कोणा एकाकडे ती सगळी नसतात. तिथे कोड लिहिलाय तसाच वाचणं आणि बदलल्यावरही माणसाने लिहिल्यासारखा ठेवणं फार मोलाचं आहे. पण त्याची किंमतही आहे. मॅक्रो उलगडलेले नसतात, त्यामुळे एखादा विचित्र मॅक्रो समोर आला की वाचताना ते अडतं, आणि अडलं की ते अख्खं फंक्शन सोडून पुढे जातं. आमच्याकडे कोणीतरी जुन्या काळी एक लॉगिंगचा मॅक्रो केला होता, ज्याच्या शेवटी अर्धविराम द्यायचा नाही अशी रीत. दोन फाइलींमधली तीन फंक्शनं त्या एका मॅक्रोपायी वगळली गेली होती. आणि मी कमांड मेसेजमधून जशीच्या तशी उचललेली, तिच्यात ‘फार बोलू नकोस’ असा पर्याय होता, त्यामुळे तक्रारही दिसली नाही. नुसतं वाचायला लावणारा पर्याय देऊन पुन्हा चालवलं तेव्हा त्या फाइलींपाशी न वाचता आलेल्या ओळी दिसल्या.

टायमरच्या बाबतीत ही वगळणूक धोक्याची नव्हती. नावच बदललेलं असल्यामुळे उरलेली जागा कंपाइल होत नाही, कंपायलर बोट ठेवून दाखवतो. ज्यांनी हा बदल आखला त्यांनी जुनं नाव संपवून नवं नाव आणलं यात मोठं शहाणपण होतं असं मला आता वाटतं. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरांच्या रिमूव्ह फंक्शनचंही (डिव्हाइस काढताना चालणाऱ्या) तसंच. ते पूर्वी एक आकडा परत करायचं. ड्रायव्हरवाल्यांना वाटे की एरर परत केली तर काढणं थांबेल, आणि ते साफसफाई अर्धवट टाकून निघून जात. कर्नल मात्र ती एरर मानतच नसे. म्हणून परतीची किंमतच काढून टाकायचं ठरलं, तेव्हा मधल्या काळासाठी ‘रिमूव्ह न्यू’ असं वेगळं फील्ड ठेवलं, एकेक ड्रायव्हर तिकडे नेला, आणि सगळे गेल्यावर मूळ नाव परत आणलं. काय बदललं आणि काय राहिलं हे प्रत्येक टप्प्यावर नावावरून कळत होतं.

नाव तेच ठेवून अर्थ बदलला, किंवा नुसत्या ओळी काढायच्या असल्या, की मात्र कंपायलर मदतीला येत नाही. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

टायमरचं काम फत्ते झाल्यावर मला हुरूप आला होता. आमच्या कोडमध्ये जागोजागी आधी ‘के-मॅलॉक’ने मेमरी घ्यायची आणि मग ‘मेमसेट’ने ती शून्याने भरायची अशी जुनी सवय होती. त्याऐवजी ‘के-झॅलॉक’ एकाच कॉलमध्ये शून्य भरलेली मेमरी देतो. मी स्वतः नियम लिहिला, सहा ओळींचा: के-मॅलॉकची ओळ काढ, के-झॅलॉकची घाल, मध्ये तीन टिंबं, आणि पुढे त्याच पॉइंटरवर तेवढ्याच आकाराचा शून्याचा मेमसेट दिसला तर तो काढ. चालवला. २२ जागा बदलल्या. कंपाइल झालं, बोर्ड चालला, चाचण्या हिरव्या. कमिट तयार करून रिव्ह्यूला टाकलं.

आमच्या टीममध्ये तेव्हा एक मुलगी नुकतीच लागली होती, दुसराच महिना. संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

“सर, हा मेमसेट का काढलाय?”

“के-झॅलॉक शून्य करूनच देतो ना.”

“हो, पण हा तर शेवटी आहे. के-फ्रीच्या आधी.”

मी फाइल उघडली. मीटर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादासाठी जी गुप्त किल्ली लागते, ती वाचणारं फंक्शन होतं ते. सुरुवातीला बफर घेतलेला, त्यात किल्ली वाचलेली, वापरलेली, आणि बाहेर पडताना, प्रत्येक वाटेवर, बफर शून्य करून मग मेमरी परत दिलेली. किल्लीचा मागमूस मेमरीत राहू नये म्हणून कोणीतरी विचारपूर्वक टाकलेली ती ओळ. माझ्या तीन टिंबांनी ‘वाटेत काहीही असू दे’ म्हटलं होतं, आणि यंत्राने माझं शब्दशः ऐकलं होतं. बफरमध्ये काही लिहिलं गेलं तर थांब, असं मी कुठेच सांगितलं नव्हतं. आता किल्ली पुसलीच जाणार नव्हती. चाचणीत हे कधीच दिसलं नसतं. बाकीच्या २१ जागा बरोबर होत्या, आणि २१ बरोबर जागा एकसारख्या डोळ्यांखालून गेल्यावर बावीसावी वेगळी आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं, कारण ती प्रत्येक जागा पहिल्यांदाच बघत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधला कॉक्सिनेलचा भाग उघडला. याच कामाचा नियम तिथे आधीपासून आहे, ‘झॅलॉक सिंपल’ नावाच्या फाइलमध्ये. आणि त्यात टिंबांची मोकळी वाट नाहीच. मेमरी घेतली, लगेच नल आहे का तपासलं, लगेच मेमसेट. एवढं एकापाठोपाठ एक असेल तरच बदल. मी सहा ओळींत जास्त पकडू पाहिलं होतं, त्यांनी कमी पकडायचं ठरवलं होतं. त्या नियमाने आमच्या १७ जागा पकडल्या. सुटलेल्या ४ आम्ही हाताने केल्या.

किल्लीच्या फंक्शनचंही तेव्हाच भलं झालं. फ्रीच्या आधीचा साधा मेमसेट कंपायलर ‘हे पुढे कोणी वाचत नाही’ म्हणून उडवून टाकू शकतो, म्हणजे जुनी ओळही पुरेशी भरवशाची नव्हती. त्यासाठी कर्नलमध्ये ‘मेमझीरो एक्स्प्लिसिट’ आहे, आणि पुसून मग मेमरी परत देणारं ‘के-फ्री सेन्सिटिव्ह’ आहे. याचं आधीचं नाव वेगळं होतं, २०२० मध्ये बदललं. आम्ही ते लावलं. नाव वाचूनच कळतं की ही ओळ का आहे, आणि पुढे कोणाचाही नियम तिला चुकून मेमसेट समजणार नाही.

एवढं होऊनही मी यंत्राच्या बाजूनेच बोलतो. उलट माझा आग्रह वाढला आहे. माझ्या कमिटमध्ये नियम चिकटवलेला होता म्हणून चूक कुठून आली हे आम्हाला पाच मिनिटांत कळलं. त्याच २२ जागा हाताने बदलताना ही चूक झाली असती तर एका जागी माणूस चुकला एवढंच कळलं असतं. नियम समोर असला की रिव्ह्यू करणाऱ्याला दोन गोष्टी वेगळ्या वेगळ्या तपासता येतात: नियम बरोबर आहे का, आणि त्याने पकडलेल्या जागा खरोखर त्या नियमाच्या आहेत का. हजार ओळींचा डिफ, म्हणजे काय काय बदललं त्याची यादी, समोर टाकून ‘स्क्रिप्टने केलं’ एवढंच लिहिणं म्हणजे समोरच्याला अंधारात उभं करणं आहे. २०१८ मध्ये मेमरी मागताना आकारांचा जो उघडा गुणाकार असायचा, ज्यात आकडा मर्यादेबाहेर जाण्याचा धोका दडतो, तो काढून संपूर्ण कर्नलमध्ये ‘के-मॅलॉक ॲरे’ आणलं, तेव्हाही नियम मेसेजमध्ये होता. तो वाचत बसलं तर गुणाकारातली कोणती रूपं धोक्याची आणि कोणती निरुपद्रवी हे कळत जातं. माझ्यासाठी तो धडाच होता. गिटवाल्यांनी तर नियमांसाठी स्वतःच्या सोर्समध्ये फोल्डरच ठेवलंय. फ्रीच्या आधी उगाच नल तपासू नका, ॲरेची कॉपी करायला मेमकॉपी न वापरता त्यांचा मॅक्रो वापरा, असले नियम तिथे आहेत आणि एका मेक कमांडने ते पूर्ण कोडवर फिरवता येतात. कर्नलमध्येही ‘मेक कॉक्सीचेक’ आहे. अहवाल द्यायला सांगा किंवा पॅच द्यायला सांगा. नव्या माणसाने आधी अहवालच मागावा.

मेंटेनर, म्हणजे कर्नलचे एकेक भाग सांभाळणारे लोक, अशा सरसकट पॅचवर कुरकुर करतात, तीही मला पटते. ब्लेम (कुठली ओळ कोणी लिहिली ते) बघितला की मूळ लेखकाऐवजी यंत्रवाल्याचं नाव, जुन्या आवृत्तीत दुरुस्ती न्यायची तर जागोजागी कॉन्फ्लिक्ट, आणि हार्डवेअर हाताशी नसताना केलेला बदल. सुरक्षिततेसाठी, चुकीची शक्यताच मिटवण्यासाठी ही किंमत मोजावी. पण नुसतं दिसायला बरं म्हणून शंभर फाइलींना हात लावू नये. आमच्या त्या मुलीने कर्नलला पहिला पॅच पाठवायचा म्हटला तेव्हा मी तिला एकच फाइल घ्यायला लावली, जिचं हार्डवेअर आमच्या कपाटात आहे अशी.

लॉल आणि म्युलर यांनी २०१८ मध्ये दहा वर्षांचा आढावा घेतला तेव्हा कर्नलमधली ६००० हून जास्त कमिट कॉक्सिनेलच्या साहाय्याने झालेली होती. त्यानंतरही टायमरचं काम थांबलेलं नाही. २०२५ मध्ये ‘डेल टायमर’ जाऊन सगळीकडे ‘टायमर डिलीट’ झालं, आणि त्याच वर्षी ‘फ्रॉम टायमर’चं नाव ‘टायमर कंटेनर ऑफ’ झालं. म्हणजे नव्या कर्नलवर जायचं तर मी इतक्या कौतुकाने घातलेल्या त्या ३३ ओळी पुन्हा बदलायच्या.

या वेळी मी बसलोच नाही. आता नवीन राहिली नसलेल्या त्या मुलीने केलं. आमच्या रिपॉझिटरीत आम्ही ‘नियम’ नावाचं फोल्डर केलंय, त्यात तिने दोन फाइली टाकल्या आहेत. डेल टायमरच्या फाइलीच्या वरच्या भागात कॉमेंटमध्ये तिने लिहिलंय: एकूण ५८ जागा, ५७ यंत्राने बदलल्या, १ हाताने. आणि खाली त्या एका जागेचं फाइलनाव, ओळ, आणि कारण: लॉगिंगच्या मॅक्रोच्या आत.